सहायक पात्राचे कपडे कोणी निवडले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदा मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये एक बाई वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छपाई करणारा, छापखाना एका दुपारी विकून टाकते. नायिका तुम्हाला डोळ्यांसमोर लख्ख दिसते. परंतु तिच्याभोवतीची तीन माणसे, म्हणजे छापखाना विकत घ्यायला आलेला गृहस्थ, तिथला जुना कामगार आणि विक्रीत निम्मा वाटा असलेला तिचा धाकटा भाऊ, कागदावरच राहिली आहेत. त्यांना स्वभावातून आणि वेशभूषेतून उठाव कसा द्यावा, आणि प्रत्येकाला एकेक ठरावीक रंग नेमून द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. सोबतच्या टिपणात खरेदीदारापुढे 'धूर्त', कामगारापुढे 'प्रामाणिक' आणि भावापुढे 'बेफिकीर' असे लिहिलेले आहे. खरी अडचण त्या तीन शब्दांत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हे तीन शब्द म्हणजे स्वभाव नव्हे. ती नायिकेची त्या तिघांबद्दलची मते आहेत. कोणताही माणूस सकाळी उठून स्वतःला धूर्त समजत नाही. खरेदीदाराच्या मते तो एका अशा यंत्राला पैसे मोजतो आहे, जे दुसऱ्या कोणी भंगाराच्या वजनाने नेले असते. भावाच्या मते तो बहिणीला नको त्या ओझ्यातून मोकळे करतो आहे. तुम्ही नायिकेच्या डोळ्यांनी या माणसांकडे पाहिले आणि तेच विशेषण पुढे वेशभूषाकाराच्या हाती दिले, तर त्यातून काय निघेल हे आधीच सांगता येते: धूर्ताला गडद कोट आणि चकचकीत बूट, प्रामाणिकाला शाईचे डाग पडलेला अॅप्रन, बेफिकिराला चुरगळलेला टी-शर्ट. यातले काहीही चुकीचे नाही. प्रेक्षकाला दोन सेकंदांत सगळे कळते, आणि पुढची चौदा मिनिटे त्या कपड्यांत पाहण्यासारखे काही उरत नाही. मोठ्या चित्रपटात अशी पहिली ओळख नंतर मोडायला वेळ मिळतो. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानतात, आणि तुमचा चित्रपट तर त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. प्रत्येक सहायक पात्राच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे येणार. त्यामुळे पहिली ओळखच अशी हवी की जिच्यात पुढे उलगडण्यासारखे काही शिल्लक असेल.

म्हणून विशेषण खोडून त्याजागी प्रत्येकासाठी तीन गोष्टी लिहा. या दुपारकडून त्याला नेमके काय हवे आहे, कोणती गोष्ट कोणाच्याही नजरेला पडू नये असे त्याला वाटते, आणि तो कुठून आला असून इथून कुठे जाणार आहे. पहिल्या दोन गोष्टी पटकथा शिकवणारा कोणीही सांगेल. तिसरी बहुतेक वेळा राहून जाते, आणि कपडे तर नेमके तिच्यातूनच ठरतात. माणूस प्रसंगासाठी कपडे घालत नाही, दिवसासाठी घालतो. खरेदीदाराने सकाळी कपाट उघडले तेव्हा तुमच्या कथेतला प्रसंग त्याच्या दिवसातला एक तास होता. त्याआधी आणि त्यानंतरही त्याला कामे होती. ते उरलेले तास तुम्हाला ठाऊक असतील तर त्याचा शर्ट त्याने निवडलेला वाटतो. ठाऊक नसतील तर तो दिग्दर्शकाने निवडलेला वाटतो. हा फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगता येणार नाही, पण जाणवल्याशिवाय राहत नाही.

इथे एक गोष्ट बाजूला सारते. पात्राचा आवडता रंग, आवडते गाणे, बालपणीचा मित्र, राशी अशा पन्नास-साठ प्रश्नांच्या याद्या अनेक ठिकाणी मिळतात आणि होतकरू दिग्दर्शक त्या मन लावून भरतात. कादंबरीकाराला त्यांचा उपयोग होत असेलही. दोन मिनिटांच्या पात्रासाठी ती माहिती पडद्यावर पोहोचण्याचा मार्गच नसतो, आणि भरलेली वही पाहून पात्र तयार झाल्याचे समाधान मात्र मिळते. त्याऐवजी सहायक पात्राने एकदाच, पण पटेल असा धक्का द्यावा एवढे पाहा. इ. एम. फॉर्स्टर या इंग्रजी लेखकाने १९२७ मध्ये सपाट (एकाच गुणाभोवती उभी केलेली) आणि गोलाकार (अनेक पैलूंची) पात्रे असा भेद मांडला तेव्हा कसोटी हीच ठेवली होती: पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते का. तुमच्या तिन्ही पात्रांना संपूर्ण गोलाई देण्याची गरज नाही. प्रत्येकाला एक जागा द्या, जिथे प्रेक्षकाचा पहिला अंदाज चुकेल. आणि ती जागा संवादाऐवजी कपड्यांत लपवा.

आता तुमच्याच तीन पात्रांवर हे करून पाहू.

खरेदीदारापासून सुरुवात करू. त्याला यंत्र हवे आहे, आणि ते आतून झिजलेले नाही याची खात्री हवी आहे. म्हणजे तो खुर्चीत बसून बोलणी करणार नाही. तो ट्रेडलच्या, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्राच्या, खाली वाकणार, चाक हाताने फिरवून पाहणार, रोलरवरून बोट फिरवणार. हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे तो माणूस चांगला कोट घालून येईल का? तो असे कपडे घालेल की ज्यांना डाग पडला तरी चालेल: बऱ्याच वेळा धुतलेला, मातकट रंगाचा सुती शर्ट, गुडघ्यांवर थोडी सैल झालेली पँट, खिशात घडी घातलेले फडके. यंत्राजवळ गेल्यावर तो बाह्या दुमडतो, दोन घड्या, दोन्ही हातांना अगदी सारख्या. मग मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकतो आणि त्यानंतरच चाकाला हात लावतो. यंत्रावर काम केलेली माणसे हे न बोलता करतात, कारण फिरत्या भागात घड्याळाचा पट्टा अडकला तर हात जातो. या एका कृतीतून पात्राचे चित्रच बदलते. तुम्ही ज्याला धूर्त म्हणता त्या माणसाला या यंत्राची किंमत त्या खोलीतल्या मालकापेक्षा जास्त कळते. तो घासाघीस करेलच, परंतु आता प्रेक्षकाला त्याच्याबद्दल एकच एक मत करून घेता येणार नाही, आणि नायिकेचा व्यवहारही तेवढाच अवघड होईल.

कामगाराच्या बाबतीत डागाळलेला अॅप्रन ही पहिली सुचणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती सोडून द्यावी असे माझे मत आहे. आज त्याचा शेवटचा दिवस आहे हे त्याला माहीत आहे. आज खिळे जुळवायचे नाहीत, जुळवलेला मजकूर चौकटीत आवळून फर्मा बांधायचा नाही. तेव्हा तो ठेवणीतले कपडे घालून येईल. शर्ट नवा नव्हे. काही वर्षांपूर्वी घेतलेला, क्वचित घातलेला, घडी करून ठेवलेला. इस्त्री केली तरी छातीवर आडवी आणि उभी अशी घडीची पुसट चौकट उरलेली आहे. तो घेतला तेव्हा अंगाने भरलेला होता, आता गळ्यापाशी बोटभर जागा राहते. वरचे बटण लावले आहे, त्यामुळे ती जागा अधिकच दिसते. आता या शर्टाने नटाला काय दिले ते पाहा: त्या खोलीत प्रत्येक वस्तूवर शाई आहे, आणि आयुष्यात प्रथमच त्याला त्या शाईपासून स्वतःला वाचवायचे आहे. तो हात अंगापासून थोडे दूर धरून उभा राहतो. खिळे ठेवायच्या खणांच्या लाकडी पेटीला, म्हणजे केसला, टेकायची सवय आहे, टेकायला जातो आणि सावरतो. त्याला संवाद दिला नाही तरी चालेल. एखाद्या क्षणी खरेदीदाराच्या हातून खिळे सांडले आणि हा कपड्यांचा विचार न करता जमिनीवर बसून ते वेचू लागला, तर तो क्षण त्या स्वच्छ शर्टामुळेच घडतो. अॅप्रन घातलेल्या माणसाने हेच केले असते तर ते रोजचे काम दिसले असते.

सर्वांत मोठे काम भावावर आहे, कारण 'बेफिकीर' हा शब्द सर्वांत फसवा आहे. तो विक्रीची घाई का करतो? त्याला पैसे हवे आहेत म्हणून. मग ही निकड तो बहिणीपासून लपवेल की मिरवेल? लपवेल, आणि ज्याला ओढाताण लपवायची आहे तो चुरगळलेला टी-शर्ट घालून येत नाही. उलट तो नेटका येतो. कॉलर ताठ, दाढी केलेली, शर्ट चांगल्या प्रतीचा. पैशाची चणचण असलेला माणूस टेबलाच्या वर दिसणारे सगळे सांभाळतो आणि खालचे मागे पडते. म्हणून त्याच्या बुटांना वरून पॉलिश आहे, पण टाचा झिजल्या आहेत, विशेषतः बाहेरच्या कडेला, जिथे बहुतेकांच्या टाचा आधी झिजतात. एका तळव्याची शिवणही सुटू लागली आहे. तो उभा असताना यातले काही दिसत नाही. आणि हे त्याला स्वतःला माहीत आहे, म्हणून तो कधी पायावर पाय टाकून बसत नाही. दोन्ही पावले जमिनीला घट्ट टेकवून, थोडा अवघडून बसतो. बहिणीला वाटते, याला लवकर उठायचे आहे, याचे लक्ष नाही, हा बेफिकीर आहे. ज्या विशेषणापासून तुम्ही सुरुवात केली होती ते इथे नायिकेचा गैरसमज म्हणून परत येते, आणि चित्रपटाला त्याचा खरा उपयोग होतो.

यापुढचा दुवा मला या संहितेत मोलाचा वाटतो. भाऊ लहानपणी या छापखान्यात खेळलेला आहे. बोलता बोलता सवयीने त्याचा एक पाय ट्रेडलच्या पायपट्टीवर जातो, टाच उचलली जाते, आणि त्याच वेळी खरेदीदार यंत्राखाली वाकून पाहतो आहे. त्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, तो झिजलेला तळवा येतो. तो काही बोलत नाही. उठतो, फडक्याने हात पुसतो, बाह्या सोडतो आणि म्हणतो की तो आजच्या आज रोख पैसे देईल, मात्र आकडा थोडा कमी होईल. नायिका नाही म्हणायला तोंड उघडते आणि भाऊ तिच्या आधी हो म्हणून मोकळा होतो. व्यवहार का फिरला हे नायिकेला कळत नाही, प्रेक्षकाला कळते. 'धूर्त' हा शब्दही आता खोटा राहिला नाही, परंतु त्या धूर्तपणाला एक कारण, एक जागा आणि एक बूट मिळाला. वेशभूषेने पात्राचे वर्णन करण्यापेक्षा कथेत काम करावे असे मी म्हणते ते या अर्थाने. प्रत्येक पात्राच्या कपड्यांतून कथानकाला वळण मिळालेच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. तिघांपैकी एकाचे मिळाले तरी पुरेसे आहे, तिघांचेही मिळाले तर योजना उघडी पडते.

या सगळ्या उदाहरणांत तुमच्या लक्षात आले असेल की कपडा कोणता आहे यापेक्षा पात्र त्याच्याशी कसे वागते यावर माझा भर आहे. ही काही नवी दृष्टी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत आणि वेशभूषा, अलंकार, रंगभूषा यांचा समावेश आहार्यात होतो. म्हणजे पोशाख ही अभिनयाला जोडलेली बाहेरची गोष्ट न मानता अभिनयाचाच एक भाग मानली आहे. शूटिंगच्या व्यवहारात याचा अर्थ एवढाच की कपडे नटाच्या हाती शूटिंगच्या सकाळी पडता कामा नयेत. किमान बूट किंवा चप्पल तालमीच्या पहिल्या दिवसापासून पायात असावी, कारण चाल, उभे राहण्याची ढब आणि वजन कोणत्या पायावर पडते हे पादत्राणांवर अवलंबून असते. फिटिंगच्या वेळी नटाला आरशासमोर नुसते उभे करून फोटो काढू नका. त्याला बसायला, वाकायला, जिना चढायला, खिशातून वस्तू काढायला सांगा. कामगाराच्या गळ्याशी राहणारी मोकळी जागा नटाने स्वतः बोटाने चाचपली, तर ती सवय प्रसंगात ठेवायची की नाही हे तिथेच ठरवता येते. अशा हालचाली लिहून काढता येत नाहीत; त्या कपड्यांतच सापडतात.

एका पात्राला एकच खूण पुरेशी असते. नवख्या चित्रपटांत सहायक पात्राला चष्मा, टोपी, गळ्यात मफलर, हातात काठी आणि वर लकबीचे बोलणे असे सगळे एकदम दिले जाते, कारण वेळ कमी असल्याची भीती असते. परिणाम उलट होतो: प्रेक्षक माणूस सोडून सामान पाहतो. विद्वानाला चष्मा आणि कलावंताला झोळी या जोड्या तर काही काळ विश्रांतीला पाठवाव्यात असे मला मनापासून वाटते. खरेदीदाराचे घड्याळ, कामगाराच्या घडीची चौकट, भावाची टाच. बाकी सगळे कपडे साधे, नजरेला न अडवणारे ठेवा, म्हणजे ही एक खूण दिसेल.

रंगाबद्दल तुम्ही विचारले आहे, तर प्रत्येकाला एक रंग नेमून देऊ नका. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे मत्सर अशा कोष्टकांवर माझा विश्वास नाही. रंगाचा अर्थ शेजारच्या रंगावरून आणि मागच्या भिंतीवरून ठरतो. तुमचे चित्रीकरण एकाच खोलीत आहे: काळपट लोखंड, लाकडी केस, शाईने मळलेल्या कडा, कागदाचे पिवळट गठ्ठे. या खोलीत कोण मिसळून जातो आणि कोण उठून दिसतो, हा प्रश्न आधी सोडवा. माझ्या मते खरेदीदाराने त्याच्या मातकट शर्टामुळे खोलीत सहज मिसळावे, जणू तो पूर्वीपासून तिथलाच आहे. भावाच्या फिकट, स्वच्छ शर्टाने तो खोलीला परका वाटावा. कामगाराचा शर्ट फिकट निळसर किंवा राखाडी असला तर तो दोघांच्या मधे राहील, आणि आजच्या दिवसापुरता तोही थोडा परका झाला आहे हे कळेल. नायिकेचे कपडे खोलीच्या रंगांशी जुळणारे, पण एका छटेने गडद असावेत, म्हणजे चौघे एका फ्रेममध्ये आले तरी नजर तिच्याकडे जाईल. सहायक पात्रांची वेशभूषा नायिकेपासून वेगळी करून ठरवता येत नाही, हे इथे ध्यानात येईल.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. चौघांना शूटिंगच्या जागीच, त्याच भिंतीसमोर, कपड्यांत उभे करून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. रंग काढून घेतल्यावर उरतो तो उजेड आणि अंधार. तांबडा आणि हिरवा शर्ट रंगीत फोटोत परस्परविरोधी दिसतात, परंतु कृष्णधवल फोटोत कित्येकदा दोन्ही एकाच करड्या छटेचे निघतात. कृष्णधवल चित्रपटांसाठी पोशाख करणे हे वेगळेच कसब होते. १९४८ सालच्या चित्रपटांपासून वेशभूषेसाठी ऑस्कर देण्यास सुरुवात झाली तेव्हा कृष्णधवल आणि रंगीत चित्रपटांसाठी दोन स्वतंत्र पुरस्कार होते. तुमच्या फोटोत चारपैकी दोन माणसे एकमेकांत विरघळत असतील तर रंग बदलण्याआधी छटेचा गडदपणा बदला. त्याच फोटोत चेहरे झाकून नुसत्या आकृत्या ओळखू येतात का, हेही पाहून घ्या. ताठ खांद्यांचा भाऊ, सैल गळ्याचा कामगार आणि दुमडलेल्या बाह्यांचा खरेदीदार हे तिघे बाह्यरेषेवरूनही वेगळे कळले पाहिजेत.

कपडे जुने दिसण्यासाठी जुनेच विकत घ्यावेत असे नाही, पण नवे कपडे कॅमेऱ्यापुढे लगेच चुगली करतात. प्रथम ते अनेकदा धुवा, म्हणजे कांजी निघून जाईल आणि कापड अंगावर बसेल. मग झीज जिथे खरोखर होते तिथेच करा: कॉलरची घडी, बाहीची कड, कोपर, गुडघे, खिशाचे तोंड. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवला की धागे उठतात. खिशात काही दिवस जड वस्तू ठेवली की खिसा लोंबतो. शर्टाच्या मध्यावर पसरलेला एकसारखा मळ हा नकली असतो. माणूस हात पुसतो ती जागा ठरलेली असते आणि ती त्याचा हात कोणता चालतो यावर अवलंबून असते. धुळीसाठी मुलतानी माती चित्रपटसृष्टीत फार पूर्वीपासून वापरली जाते. पांढरा शुभ्र कपडा मात्र टाळा. तो डिजिटल कॅमेऱ्यात चटकन भडक होतो आणि चेहऱ्यावरचे लक्ष ओढून घेतो. चहाच्या पातळ पाण्यात बुडवून काढला की पडद्यावर पांढराच दिसतो, पण डोळ्यांत खुपत नाही. भावाच्या शर्टासाठी हे नक्की करा. अगदी बारीक रेघांचे आणि बारीक चौकडीचे कापडही नको, कारण सेन्सरवर त्यातून लहरींसारखे हलते पट्टे उमटतात. आणि कापड निवडताना ध्वनिमुद्रकाला विचारा: शर्टाच्या आत लॅपल माईक (कपड्याला अडकवायचा छोटा मायक्रोफोन) लावायचा असेल तर कडक कांजीचा सुती कपडा आणि नायलॉन प्रत्येक श्वासाला खसखसतात.

कमी खर्चाच्या शॉर्टफिल्ममध्ये नटांनी स्वतःचे कपडे आणण्याची पद्धत असते. त्यात गैर काही नाही, फक्त एक धोका असतो. स्वतःच्या शर्टात नट स्वतःसारखाच वागतो. यावर उपाय म्हणजे नटांना आपले कपडे आणायला सांगायचे आणि ते एकमेकांत बदलायचे, किंवा निदान प्रत्येकाच्या अंगावर एक तरी वस्तू परकी असेल असे पाहायचे. भाऊ करणाऱ्या नटाचे बूट तर दुसऱ्याचेच असावेत. झिजलेली टाच दुसऱ्याच्या चालीने झिजलेली असते. ती पायात घातली की चाल आपोआप थोडी बदलते.

तुमची कथा एकाच दुपारची असल्याने कपडे बदलण्याचा प्रश्न नाही, पण कपड्यांची अवस्था बदलते, आणि चित्रीकरण क्रमाने होणार नाही. प्रसंगांची एक तालिका करा आणि प्रत्येक प्रसंगापुढे प्रत्येक पात्राच्या कपड्यांची स्थिती लिहा: बाह्या दुमडलेल्या की सोडलेल्या, घड्याळ हातात की खिशात, गुडघ्याला शाई लागली की अजून नाही. प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर समोरून, मागून आणि बाजूने फोटो घ्या. ज्या शर्टाला शाई लागणार आहे त्याचे किमान दोन सारखे नग हवेतच, कारण पहिला टेक बिघडला तर डाग धुऊन वाळेपर्यंत कोणी थांबत नाही. कामगाराच्या शर्टावरची घडीची चौकट अंगावर तासाभरात मोडते. म्हणून त्याचे सुरुवातीचे शॉट त्या दिवशी सर्वांत आधी घ्या, किंवा दुसरा नग घडीतच ठेवा.

शॉट लिस्ट करताना वेशभूषेचा कागद शेजारी घेऊन बसा. शूटिंगच्या ठिकाणी असे वारंवार घडते की बुटांवर आठवडाभर मेहनत केली जाते आणि सगळे शॉट कमरेपासून वर असतात. भाऊ पहिल्यांदा बसतो तेव्हाचा एक रुंद शॉट, ज्यात दोन्ही पावले जमिनीला टेकलेली दिसतील, आणि ट्रेडलखालून खरेदीदाराच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेला एक शॉट, हे दोन्ही आजच यादीत लिहा. तळव्याचा स्वतंत्र क्लोज-अप घेऊ नका. खरेदीदाराच्या खांद्यावरून दिसेल तेवढे पुरे, नाहीतर प्रेक्षकाला बोट धरून दाखवल्यासारखे होईल. खरेदीदाराने घड्याळ काढण्याचा शॉट मात्र जवळून घ्यायला हरकत नाही, कारण त्या वेळी त्याचा अर्थ कोणालाच कळलेला नसतो.

राहता राहिला तो तुमच्या संहितेतला चौथा माणूस, जो फक्त पावती पुस्तकांची शेवटची ऑर्डर न्यायला येतो आणि एक वाक्य बोलून जातो. त्याच्यावर काही करू नका. नीटनेटके रोजचे कपडे, खांद्यावर पिशवी, आणि बाहेर त्याची गाडी चालू ठेवलेली आहे एवढी घाई. त्यालाही स्वभाव द्यायला गेलात तर कामगाराच्या वाट्याचे पाच सेकंद तो घेऊन जाईल.